चांदोबाची वही: मुलांकडून महिनाभर चंद्रकला टिपून घेताना

सहावी-सातवीच्या वर्गात ‘चंद्र रोज वेगळा का दिसतो?’ असं विचारून पाहा. बरेच हात वर होतात आणि त्यातले निम्मे तरी सांगतात, ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून.’ हे उत्तर चूक आहे, पण मुलांनी ते आळसातून दिलेलं नसतं. पुस्तकात पृथ्वीभोवती आठ चंद्र मांडलेली एक आकृती असते. ती पाठ होते, परीक्षेत सुबक काढताही येते, आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानावर पूर्वेला चंद्र दिसत असतो, तिकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

चंद्राच्या कला शिकवायच्या असतील तर मुलांनी चंद्र पाहायला हवा, तोही एखाद्या रात्री नाही, सलग महिनाभर. दुर्बीण लागत नाही. वही, शिसपेन्सिल, रोजची पाच मिनिटं आणि सोबतीला एक मोठं माणूस एवढ्यात काम होतं. हा उपक्रम पहिल्यांदाच करणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी त्याची पद्धत इथे लिहितो आहे.

एक क्रम मात्र सांभाळा. मुलांनी आधी पाहायचं, मग कॅलेंडर उघडायचं आणि कारण सगळ्यात शेवटी कळायला हवं. कारण आधी सांगितलं की मूल आकाशातला चंद्र काढत नाही, पुस्तकातला काढतं.

महिना आणि पहिला दिवस

जून ते सप्टेंबर हा उपक्रम घेऊ नका. ओळीने चार-पाच दिवस ढग आले की मुलांचा उत्साह मावळतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मार्गशीर्ष किंवा पौष महिना उत्तम. आकाश स्वच्छ असतं. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी मुलं जागी आणि बाहेर असतात. सकाळी सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणून कृष्ण पक्षातला चंद्र शाळेच्या वाटेवर आयता सापडतो.

सुरुवात प्रतिपदेला नको. तेव्हा चंद्र दिसतच नाही, आणि द्वितीयेची कोर बारीक, क्षितिजालगत आणि थोडाच वेळ टिकणारी असते. पहिल्याच दिवशी काही दिसलं नाही तर मुलं हिरमुसतात. शुक्ल तृतीयेला सुरुवात करा. तिथी तुम्ही बघून ठेवा, मुलांना फक्त एवढंच सांगा: आज सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने पश्चिमेकडे पाहायचं.

पालकांना एक चिठ्ठी पाठवणं फार गरजेचं आहे. त्यात तीन गोष्टी लिहा. मूल गच्चीवर किंवा अंगणात जाईल तेव्हा सोबत मोठं कोणी असावं. गावाकडे पायात चप्पल आणि हातात बॅटरी हवी, अंधारात विंचूकाट्याची भीती असते. दुसरं, सूर्याकडे थेट पाहायचं नाही, आणि घरी दुर्बीण असेल तर सूर्य पूर्ण मावळेपर्यंत ती डोळ्याला लावायची नाही. तिसरं म्हणजे मुलाला उत्तर सांगू नका आणि मोबाइलवरचं आकाश दाखवणारं ॲप उघडून देऊ नका. ही तिसरी सूचना पाळणं पालकांना सर्वात जड जातं, म्हणून ती ठळक लिहा.

शहरातल्या शिक्षकांना वाटतं, आपल्याकडे दिव्यांच्या झगमगाटात काय दिसणार? तारे दिसत नाहीत हे खरं, पण चंद्र दादरलाही तेवढाच स्पष्ट दिसतो जेवढा भंडारदऱ्याला. शहरात अडचण होते ती इमारतींची. ज्याच्या खिडकीतून फक्त पूर्व दिसते त्याला पश्चिम दिसणारा मित्र जोडीला द्या.

आकाश मोजायला मूठ

उपक्रमाच्या आदल्या दिवशी एक तास मैदानावर घालवा. हात पूर्ण लांब करून मूठ वळली, की तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. लहान मुलाची मूठ लहान असते तसा हातही आखूड असतो, त्यामुळे हिशेब फारसा बदलत नाही. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत डोक्यावरच्या बिंदूपर्यंत जायला सांगा. साधारण नऊ मुठी भरतात. कोणाच्या आठ होतील, कोणाच्या दहा. ज्याची जी संख्या येईल ती त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची. आपलं माप आपणच तपासायचं, ही सवय इथेच लागते.

करंगळीची रुंदी लांब केलेल्या हातावर साधारण एक अंश असते आणि चंद्र अर्धाच अंश. म्हणजे करंगळीआड अख्खा चंद्र लपतो. हे सांगून कोणाला पटत नाही, करून पाहिल्यावरच पटतं. जाड कागदाला पंचिंग मशिनने एक भोक पाडून द्या. हात लांब करून त्या भोकातून पाहिलं तर पूर्ण चंद्र त्यात मावतो, उगवतानाही आणि डोक्यावर आल्यावरही. उगवता चंद्र थाळीएवढा मोठा दिसतो तो आपल्या नजरेचा भास असतो, हे मुलं स्वतः मोजून शोधतात.

दिशांसाठी होकायंत्र असेल तर बरं, नसेल तर सूर्य कुठे मावळतो ते पाहा. हिवाळ्यात तो बरोबर पश्चिमेला न मावळता नैर्ऋत्येकडे सरकलेला असतो, एवढं लक्षात असू द्या. मग प्रत्येक मुलाने घराजवळची एक जागा ठरवायची आणि महिनाभर तिथेच उभं राहायचं. त्या जागेवरून दिसणारं क्षितिज एकदाच नीट काढून घ्या: पाण्याची टाकी, नारळाचं झाड, देवळाचा कळस, मोबाइलचा टॉवर, समोरच्या इमारतीची गच्ची. पश्चिमेचं एक चित्र, पूर्वेचं एक. पुढे रोजचा चंद्र याच चित्रात तारखेसह एका ठिपक्याने मांडायचा आहे. महिनाअखेर वहीतल्या बाकी सगळ्या नोंदींपेक्षा हे एक चित्र जास्त बोलतं.

वहीचं पान

प्रत्येक दिवसाला एक ओळ पुरते. तारीख, वेळ, दिशा, क्षितिजापासून उंची किती मुठी, आकाश कसं होतं आणि चंद्राचं चित्र. तिथीसाठी एक रकाना आखा, पण तो रिकामा ठेवा.

चित्रासाठी एक रुपयाचं नाणं ठेवून गोल आखून घ्या. मुलांनी गोलातला काळोखा भाग पेन्सिलीने भरायचा, उजळ भाग कोरा सोडायचा. वही चंद्राच्या दिशेला उभी धरून चित्र काढायला सांगा, म्हणजे कोर जशी कललेली असेल तशीच उतरते. हे फार महत्त्वाचं आहे. बहुतेक मुलांच्या डोक्यात कोर म्हणजे उभा कंस, कारण गोष्टीच्या पुस्तकांत ती तशीच छापलेली असते. आपल्या अक्षांशावर संध्याकाळची कोर पुष्कळदा होडीसारखी आडवी असते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तर जवळजवळ सपाट. एखाद्या मुलाने आडवी कोर काढली तर ‘सरळ काढ’ म्हणू नका. त्याने नीट पाहिलं आहे.

तृतीया-चतुर्थीला काही मुलं काळोख्या भागातही फिकट राखाडी रंग दाखवतील. तेही बरोबर आहे. पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडतो आणि तो भाग पुसट दिसतो. मात्र तेव्हा लगेच समजावून सांगू नका; समासात ‘हे काय असेल?’ असं लिहून ठेवायला सांगा. उलट कोणी कोरीच्या दोन टोकांच्या मधोमध चांदणी काढली, तर त्याला रात्री पुन्हा पाहायला पाठवा. चंद्राचा गोल तिथे भरीव असतो, त्याच्या आतून चांदणी दिसू शकत नाही.

ज्या दिवशी चंद्र दिसला नाही, त्या दिवशीही ओळ भरायची. ‘७ वाजता पाहिलं, ढग होते’ ही नोंद आहे. ‘पाहायला विसरलो’ हीसुद्धा नोंद आहे. मित्राच्या वहीतून चित्र उतरवलं तर ती नोंद राहत नाही, हे पहिल्या दिवशी प्रेमाने आणि स्पष्ट सांगा. गुण ठेवायचे असतील तर नेमकेपणाला ठेवा, पूर्ण भरलेल्या पानाला ठेवलेत तर मुलं पानं भरतील, चंद्र पाहणार नाहीत. मोबाइलच्या फोटोवरही भिस्त ठेवू नका. चित्र काढायला दोन मिनिटं टक लावून पाहावं लागतं, आणि आपल्याला ती दोन मिनिटंच हवी आहेत.

शुक्ल पक्ष: संध्याकाळचे दिवस

तृतीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज एकाच वेळी, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने पाहायचं. चंद्राच्या नोंदीबरोबर एक मोजमाप जास्तीचं घ्या: सूर्य जिथे मावळला तिथपासून चंद्रापर्यंत किती मुठी? तृतीयेला तीन-साडेतीन भरतील. रोज एक मूठ आणि थोडं वर एवढं अंतर वाढत जाईल. अष्टमीच्या सुमारास ते नऊ मुठींवर येतं, म्हणजे काटकोनावर, आणि नेमका तेव्हा चंद्र अर्धा असतो. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, सूर्य मावळतो तेव्हा उगवणारा. ही आकड्यांची ओळ वहीत तयार झाली, की कारण समजायला पुढे दहा मिनिटं पुरतात.

या पंधरवड्यात एक गोंधळ हमखास होतो आणि तो व्हायलाच हवा. रोज सात वाजता पाहिलं तर चंद्र दिवसागणिक पूर्वेकडे सरकतो. पण एकाच रात्री तासाभराने पुन्हा पाहिलं तर तो पश्चिमेकडे गेलेला असतो. मुलं वर्गात यावरून भांडतात, आणि दोन्ही बाजूंचं बरोबर असतं. एका सुट्टीच्या दिवशी सहा, सात आणि आठ वाजता तीन ठिपके मांडायला सांगा. तासाला दीड मूठ पश्चिमेकडे, ही पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याची चाल. आणि रोज एका मुठीहून थोडं जास्त पूर्वेकडे, ही चंद्राची स्वतःची. मार्गशीर्षात पौर्णिमेच्या आसपास चंद्र रोहिणी आणि मृगाजवळून जातो. रोहिणीच्या लालसर ताऱ्यापासून तो एका रात्रीत किती पुढे गेला हे मुठीने मोजलं, की ही दुसरी चाल पक्की कळते.

अष्टमीनंतर मुलांना दुपारीही आकाशाकडे पाहायला लावा. शाळा सुटण्याच्या वेळेला चंद्र पूर्वेकडे असतो. ‘चंद्र रात्रीच असतो’ ही समजूत त्या एका नजरेत जाते.

दशमीच्या सुमारास फळ्यावर प्रश्न लिहा: उद्या सात वाजता चंद्र कुठे असेल, कसा दिसेल? प्रत्येकाने आपल्या क्षितिजचित्रात आधी पेन्सिलीने फुली मारायची आणि दुसऱ्या दिवशी पडताळायचं. एवढ्या दिवसांनंतर मुलांचे अंदाज जवळ येऊ लागतात. चुकलेली फुली खोडू देऊ नका.

कृष्ण पक्ष: परिपाठाचा चंद्र

पौर्णिमेनंतर बरेच उपक्रम बंद पडतात. संध्याकाळी चंद्र दिसत नाही, मुलं म्हणतात ‘गेला’. खरं तर तो रोज उशिरा उगवतो. सरासरी ५० मिनिटं, कधी चाळीस तर कधी साठाच्या आसपास. पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवशी मुलांना उगवण्याची वेळ टिपायला सांगा. संकष्टीला तर ज्या घरी उपास असतो तिथे सगळेच चंद्राची वाट पाहत असतात. साधारण नऊच्या आगेमागे तो उगवतो. मुलाने प्रत्यक्ष दिसल्याची वेळ लिहावी. ती छापील वेळेपेक्षा उशिराची असेल, कारण मध्ये डोंगर किंवा इमारत असते. नातेवाईक दुसऱ्या गावी असतील तर त्यांनाही विचारा. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे सहा अंशांवर आहे, त्यामुळे तिथे चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. पंचांगात आणि कॅलेंडरात गावागावांच्या वेगळ्या वेळा का छापतात, ते मुलांना यातून कळेल.

त्यानंतर वही सकाळी उघडायची. पंचमी-षष्ठीला परिपाठाच्या वेळी चंद्र पश्चिमेच्या आकाशात असतो, अष्टमीला सूर्योदयाच्या सुमारास बराच वर. पुढे रोज तो उगवत्या सूर्याच्या जवळ येतो आणि पुन्हा कोर होते, पण आता उजळ बाजू पूर्वेकडे. द्वादशी-त्रयोदशीची कोर पाहायला पहाटे साडेपाचला उठावं लागतं. सगळ्यांवर ही सक्ती नको. दोन-चार हौशी मुलं उठली तरी वर्गाच्या तक्त्याला त्या नोंदी मिळतात. अमावास्येचा गोल पूर्ण काळा भरायचा आणि शेजारी लिहायचं: पाहिलं, दिसला नाही.

आता कॅलेंडर

महिना पुरा झाला की भिंतीवर एक मोठा तक्ता लावा आणि सर्वांच्या नोंदींतून तीस गोल भरा. एकाच दिवसाची चित्रं जुळत नसतील तर मतदान घेऊ नका, आदल्या आणि पुढच्या दिवसाची चित्रं पाहून कोणतं बसतं ते मुलांना ठरवू द्या. पौर्णिमा ते पुढची पौर्णिमा मोजली तर २९ किंवा ३० दिवस येतील. खरी सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटं आहे.

मग तिथीचा रिकामा रकाना कॅलेंडरवरून भरायचा. इथे एक सुंदर गोष्ट उलगडते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जायला जेवढा वेळ घेतो, ती एक तिथी. अशा ३० तिथी, म्हणजे ३६० अंश. मुलांनी रोज मोजलेली ‘एक मूठ आणि थोडं वर’ ती हीच. घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर ज्या मोजमापावर उभं आहे, ते त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं असतं. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्यामुळे तिथी कधी १९ तासांची तर कधी २६ तासांच्या पुढची असते, म्हणून एखादी तिथी कॅलेंडरात दोनदा येते किंवा गळते. चौकस मूल हे विचारतंच.

पुढचा तास सणांसाठी ठेवा. आकाश न पाहता सांगा: भाऊबीजेला संध्याकाळी चंद्र कसा असेल? दसऱ्याला सोनं वाटायला निघतो तेव्हा तो कोणत्या दिशेला असतो? कोजागरीला दूध मध्यरात्री का पितात? गोकुळाष्टमीला जन्मोत्सव होतो त्या सुमारास पूर्वेला काय उगवत असतं? आपल्या वहीवरून मुलं ही उत्तरं काढू शकतात. उत्तर भारतातल्या मुलाच्या घरी महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, म्हणून कृष्ण पक्षातल्या महिन्याचं नाव वेगळं निघतं. वर्गात अशी मुलं असतील तर दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा.

कारण शेवटी

कृष्ण सप्तमी-अष्टमीची उन्हाची सकाळ यासाठी मुद्दाम राखून ठेवा, पुढच्या महिन्यातली चालेल. साडेआठच्या सुमारास सूर्य पूर्वेला असतो आणि चंद्रही दिसत असतो. चुन्यात बुडवून वाळवलेलं लिंबू काडीला टोचा, हात लांब करून चंद्राच्या अगदी शेजारी धरा. लिंबावर ऊन पडायला हवं, सावलीत उभे राहू नका. लिंबाचा उजळ भाग आणि चंद्राचा उजळ भाग हुबेहूब सारखे दिसतात. दोघांवर एकाच सूर्याचा प्रकाश, एकाच बाजूने. मुलं गप्प होऊन आलटून पालटून दोन्हींकडे पाहतात, तेव्हा मध्ये बोलू नका.

त्यानंतर वर्गात अंधार करून टेबलावर एक उघडा बल्ब लावा. तेच लिंबू हातात धरून मुलाने स्वतःभोवती डावीकडे हळूहळू वळायचं. त्याचं डोकं म्हणजे पृथ्वी. बल्बच्या दिशेला लिंबू काळं, थोडं वळल्यावर कोर, काटकोनात अर्धं, पाठ बल्बकडे झाली की पूर्ण. लिंबू डोक्याहून जरा उंच धरायला सांगा, नाहीतर डोक्याची सावली त्यावर पडते. ती पडूच द्या एकदा: ते चंद्रग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. ‘पृथ्वीची सावली’ हे उत्तर देणाऱ्या मुलाला विचारा, अर्ध्या चंद्राच्या वेळी तुझं डोकं कुठे होतं आणि सावली कुठे पडली होती? आता तो स्वतःच आपलं उत्तर बदलतो.

या प्रयोगात अंतरं प्रमाणात नसतात, हेही दाखवा. पृथ्वी बास्केटबॉलएवढी धरली तर चंद्र टेनिसच्या चेंडूएवढा होतो आणि त्याला सव्वासात मीटर लांब ठेवावं लागतं. वर्गात चेंडू कुठे ठेवायचा याचा मुलांना आधी अंदाज करू द्या. बहुतेक जण हातभर अंतरावर ठेवतात.

पुढे काय करता येईल

ऑस्ट्रेलियात कोणाचे काका-मावशी असतील तर त्याच दिवशीचा चंद्र काढून पाठवायला सांगा. कला तीच असेल, पण चित्र उलटं. का, ते शोधायला वर्गाला आठवडा द्या.

सातवी-आठवीच्या मुलांसमोर चांद्रयान-३ ठेवा. विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलं, त्या दिवशी निज श्रावण शुक्ल सप्तमी होती. मुलांना तक्त्यावरचा सप्तमीचा गोल दाखवून विचारा, उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळ उभं राहिलं तर सूर्य कुठे दिसेल? यान उतरलं तिथे सूर्य उगवून फार वेळ झाला नव्हता. विक्रम आणि प्रज्ञान सौरऊर्जेवर चालणार होते आणि चंद्रावरचा दिवस आपल्या साधारण १४ दिवसांचा असतो. उतरायला तोच काळ का निवडला, हे तक्त्यासमोर उभं राहून मुलांना सांगता येतं.

साधी द्विनेत्री दुर्बीण मिळाली तर पौर्णिमेपेक्षा अष्टमीला दाखवा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं आणि चंद्र सपाट दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डे उठून दिसतात. हात थरथरतो, म्हणून दुर्बीण भिंतीला किंवा खांबाला टेकवून धरायला सांगा, आणि पाहून झाल्यावर लगेच चित्र काढू द्या.

वह्या तपासून परत करताना लाल शाई वापरू नका. जिथे नोंद तक्त्याशी जुळत नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा आणि पुढच्या महिन्यातली तीच तिथी लिहून द्या, म्हणजे मूल त्या संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहील.